अर्ध्या वॉटचा आवाज

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी बरा केला असता.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा आतेभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याने मला हे एकदाच सांगितलं, सलग, मान खाली घालून. मध्ये मी दोनदा पाणी दिलं. दोन्ही वेळा त्याने ग्लास नुसता हातात धरून ठेवला. शेवटचा भाग मात्र त्याने सांगितलेला नाही. तिथे मी स्वतः होतो.

लोकांना वाटतं, असं काही घडतं ते रात्री. हे भर दुपारी घडलं. एक ते दोनच्या मध्ये. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

दगडाच्या खाणीच्या पायथ्याशी वजनकाटा होता. काट्याची एक खोली आणि तिला चिकटून पत्र्याची दुसरी. ती दादाची. डंपरमध्ये बोलायचे रेडिओ असतात, ड्रायव्हर लोक त्यांना नुसतं ‘सेट’ म्हणतात. ते सेट दादा दुरुस्त करायचा. मधली भिंत इतकी पातळ की इकडे शिंकलं तर तिकडून विचारावं, "सर्दी झाली का?"

आणि विचारणारी वहिनीच असायची. काट्यावर सोळा वर्षं ती बसली.

खाणीतून खाली येणारा रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. त्यात चौथं वळण सगळ्यात वाईट. तिथून खाली दुसऱ्या वळणापर्यंत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणालाच बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून नियम होता. भरलेला डंपर चौथ्या वळणाच्या अलीकडे थांबणार. ड्रायव्हर सेटवर म्हणणार, "भरलेली, चौथं वळण." खाली वहिनी वर जाणारी रिकामी गाडी रोखून धरणार आणि सेटवर म्हणणार, "ऐकलं."

ते ‘ऐकलं’ येईपर्यंत चाक हलवायचं नाही. आभाळ कोसळलं तरी.

सोळा वर्षांत त्या वळणावर एकही गाडी घासली नाही. कारण वहिनीचा कान. खाणीच्या धुळीने, उन्हाने आणि धक्क्यांनी सेट थकतात. सेटमध्ये एक ट्रान्झिस्टर असतो, आवाज हवेत फेकणारा. त्याला फायनल म्हणतात. तो धड असेल तर सेट चार वॉट फेकतो आणि आवाज डोंगराच्या आडूनही पोचतो. थकला की दोन वॉट. मग एक. मग अर्धा. वाईट म्हणजे, ड्रायव्हरला ते कळत नाही. त्याला सगळ्यांचं नीट ऐकू येत असतं. त्याचंच कोणाला ऐकू जात नाही.

वहिनीला जायचं. नुसत्या खरखरीतून ती माणूस ओळखायची. "हा आपला जावई," म्हणायची, "सर्दी झालीय त्याला."

दादाचा जावई त्याच खाणीत सात नंबरचा डंपर चालवायचा.

मग वहिनीला छातीचं दुखणं लागलं. आवाज आधी बसला, नंतर उरलाच नाही. दादाने तिच्या सेटमध्ये मायकचा भाग बदलला, नवीन फायनल घातला, आवाज वाढवणारी जोडणी केली. शेवटचे तीन महिने ती कुजबुजायची आणि डोंगरभर ऐकू जायचं. ड्रायव्हर म्हणायचे, वहिनी आता कानात बोलल्यासारख्या बोलतात.

ती गेली.

काट्यावर नवीन माणूस आला. भला माणूस, पण कान चारचौघांसारखा.

आता दादाच्या कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. टेबलावर सेट तपासताना त्याला खरी एरियल लावत नाहीत. नाहीतर इथली बडबड सगळीकडे जाईल. त्याऐवजी एक डबी लावतात. दादा तिला ‘खोटी एरियल’ म्हणायचा. सेटची सगळी ताकद त्या डबीत जाते आणि तिथेच उष्णता होऊन संपते. बाहेर काही जात नाही.

तपासताना काहीतरी बोलावं लागतं. कोणी एक-दोन-तीन म्हणतं. दादा म्हणायचा, "भरलेली, चौथं वळण." वर्षानुवर्षांची सवय.

दुसरी गोष्ट. दुपारी एक वाजता भोंगा व्हायचा. सुरुंगाची वेळ. विजेवर उडणाऱ्या सुरुंगाजवळ रेडिओ चालू ठेवत नाहीत, धोका असतो. म्हणून दोनच्या भोंग्यापर्यंत खाणीतला एकूण एक सेट बंद. काट्यावरचासुद्धा. गाड्या उभ्या. माणसं सावलीला.

दादाच्या टेबलावर खोटी एरियल होती, म्हणून तो काम चालू ठेवायचा. मुकादमाची त्याला परवानगी होती.

वहिनीला जाऊन नऊ महिने झाले होते. मंगळवार होता.

एकचा भोंगा होऊन पंधरा मिनिटं झाली असतील. दादापुढे वकिलाचा सेट उघडून पडला होता. वकील म्हणजे नऊ नंबरचा ड्रायव्हर. प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. फायनल जवळजवळ मेला होता. वॉटमीटरचा काटा अर्ध्यावर जेमतेम चढत होता.

दादाने बटण दाबलं. "भरलेली, चौथं वळण."

बटण सोडलं.

स्पीकरमध्ये खरखर...

आणि मग, "ऐकलं."

दादाचा हात तसाच राहिला.

तो उठून काट्याच्या खोलीत गेला. काटेवाला बाकावर आडवा झोपला होता, तोंडावर टॉवेल. सेटचा दिवा बंद. मागची वायरच काढून ठेवलेली.

दादा परत आला. खोटी एरियल नीट बसली आहे ना, पाहिलं. बसली होती. हाताला कोमट लागत होती.

पुन्हा बटण दाबलं.

"भरलेली... चौथं वळण."

खरखर. एक श्वास ऐकू आला. बोलण्याआधी वहिनी घ्यायची तसा, अर्धा.

"ऐकलं."

दादा मला म्हणाला, "लोक म्हणतात अंगावर काटा येतो. मला नाही आला रे. मला भूक लागली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी डबा संपवला."

त्याने वकिलाच्या सेटमध्ये नवीन फायनल घातला. चार वॉट. पुन्हा बोलला.

काही नाही.

दहा वेळा बोलला. नुसती खरखर.

मग त्याने नवीन फायनल काढला आणि जुना थकलेला पुन्हा बसवला. अर्धा वॉट.

"ऐकलं."

तिथून चूक सुरू झाली. दादा स्वतःच तसं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा सेट घेतला. तिसऱ्या दिवशी तिसरा. सेट कोणताही असो, कमजोर असला की ती उत्तर द्यायची. दुरुस्त झाला की गप्प. जितका सेट अशक्त, तितका तिचा आवाज जवळ. त्याने तिला बाकी बरंच विचारून पाहिलं. कशी आहेस, दुखतं का, लेकीचं नाव घेऊन पाहिलं. त्याला उत्तर नाही. फक्त चौथ्या वळणाला उत्तर. एकच शब्द.

एवढा एक शब्द ऐकायला तो सकाळपासून एकची वाट पाहायचा.

सेट साचू लागले. ड्रायव्हर खेपा घालू लागले.

"दादा," वकील दारात उभा राहून म्हणाला, "माझा सेट दहा दिवस झाले. बाळंतपणाला माहेरी पाठवलाय का?"

"पार्ट मिळत नाही."

"कुठला पार्ट? नाव सांगा. मी शहरात जाऊन दुकानदाराशी भांडून आणतो."

"भांडायला तुला कारण लागतं होय?"

"कारण असलं की मजा येत नाही. पण दादा, खरंच द्या. मुकादमाने मला हातातला सेट दिलाय, तो खेळण्यातला वाटतो. मी बोललो की माझंच मला हसू येतं."

दादाने त्याला सेट देऊन टाकला. तसाच, अर्ध्या वॉटचा. वकील खूप मागे लागला होता आणि एकचा भोंगा जवळ आला होता, एवढंच. त्याने मनाशी म्हटलं, उद्या बोलावून बदलून देऊ.

दुसऱ्या दिवशी वकील स्वतःच आला. आज थट्टा नव्हती.

"दादा, काट्यावर नवीन बाई ठेवलीय का?"

दादाने मान वर केली नाही. "का?"

"काल चौथ्यावर बोललो. बाई म्हणाली, ऐकलं. मी उतरलो. खाली आलो तर काटेवाला माझ्या अंगावर धावून आला. म्हणे, न सांगता उतरलास, वर आता गाडी सोडणार होतो. मी म्हटलं, ऐकलं म्हणाली की तुझी बाई. तो म्हणाला, इथे कुठली बाई?"

दादाने वॉटमीटरची वायर गुंडाळायला घेतली.

"मी दारू पीत नाही, दादा. तुम्हाला माहितीये."

"माहितीये."

"आवाज... ओळखीचा वाटला." वकील पुढे बोलला नाही. पहिल्यांदाच त्याने वाद अर्ध्यावर सोडला.

दादाने त्याच बैठकीत त्याच्या सेटला नवीन फायनल घातला. चार वॉट. जोडणीचा कथलाचा डाग दोनदा चुकला. वकील गेल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि नीट विचार केला. आवाज त्याच्या टेबलापुरता नव्हता. वरही येत होता. ज्याचं कोणाला ऐकू जात नाही, त्याला ती ‘ऐकलं’ म्हणत होती. आणि खाली कोणी ऐकलेलंच नव्हतं.

पुढच्या चार दिवसांत त्याने सगळे सेट दुरुस्त केले. जेवला नाही, झोपला नाही. सगळे चार वॉट. एकेक करून परत दिले.

एक सोडून.

जावयाचा सेट त्याने ठेवून घेतला. का, तर घरचा माणूस. घरच्या माणसाला थांबवता येतं.

"बाबा, माझा कधी?" जावई विचारायचा.

"उद्या."

जावई पण शहाणा. सासऱ्याच्या तोंडाकडे बघून गप्प बसायचा. तोवर मुकादमाचा हातातला सेट त्याच्याकडे आला होता. मुकादम मात्र गप्प बसणारा नव्हता. तो एक दिवस स्वतः येऊन टेबलाजवळ उभा राहिला.

"काय चाललंय? माझा सेट तुमच्या जावयाकडे, आणि त्याचा सेट तुमच्या मांडीवर. सुई दाखवा बघू."

सेटच्या तोंडावर ताकद दाखवणारी एक बारीक सुई असते. ती किती खरं सांगेल, हे आतल्या एका छोट्या स्क्रूवर असतं. स्क्रू फिरवला की अर्ध्या वॉटलाही सुई शेवटपर्यंत जाते. हे मेकॅनिकशिवाय कोणाला माहीत नसतं.

मुकादम येणार हे दादाला सकाळीच कळलं होतं. स्क्रू फिरवून झाला होता.

त्याने बटण दाबलं. सुई फुल.

"मग देऊन टाका ना."

"मायकची वायर बदलायचीय. उद्या देतो."

"तुमचं उद्या म्हणजे... बरं, उद्या. परवा नाही."

दुसऱ्या दिवशी दादाने ठरवलं होतं, शेवटची दुपार. एकचा भोंगा झाला की ऐकायचं, दोनचा झाला की नवीन फायनल घालायचा. नवीन फायनल कागदावर काढून ठेवला होता. कथील वितळवायची सळई गरम होती.

भोंगा झाला.

तो तासभर बोलत राहिला. ती तासभर म्हणत राहिली, "ऐकलं. ऐकलं." शेवटी शेवटी खरखर पार गेली होती. भिंतीपलीकडून बोलल्यासारखी. दादाने मधल्या भिंतीला डोकं टेकवलं होतं.

दोनचा भोंगा झाला. तो उठला आणि मागे पाण्याच्या टाकीवर तोंड धुवायला गेला. अशा तोंडाने कोणासमोर यायचं नव्हतं. टाकीवर किती वेळ बसला, त्याला आठवत नाही.

परत आला तेव्हा टेबलावरची जागा रिकामी होती. मायक नव्हता. खोटी एरियल नुसती लोंबत होती.

त्याने बाहेर येऊन काटेवाल्याला विचारलं.

"जावई घेऊन गेले," काटेवाला म्हणाला. "मुकादम मागे लागलेत त्यांच्या. बटण दाबून बघितलं, सुई फुल आहे म्हणाले. गाडीला लावून इथून बोलून पण दाखवलं मला. एकदम साफ."

इथून साफ येणारच. दहा पावलांवर अर्धा वॉटही साफ येतो.

"वर गेला?"

"केव्हाच."

मुकादम काट्याच्या दारातच स्टुलावर बसला होता. दादाच्या मनात वाक्य तयार होतं. मायक उचलायचा आणि म्हणायचं, सात नंबर, वरच थांब, तुझा सेट कमजोर आहे. एवढंच. पण मुकादम विचारणार, काल सुई फुल होती ती कशी? आणि ते सगळ्या डंपरमध्ये ऐकू जाणार. आणि मग का केलं, तेही सांगावं लागणार.

दादा आपल्या खोलीत जाऊन बसला. त्याने मनाची समजूत घातली. जावई सावध आहे. महिनाभर तर काही झालं नाही. एक फेरी मारून खाली आला की गुपचूप सेट काढून घेऊ.

वीस मिनिटं तो तसा बसला. मला हे सांगताना त्याने ती वीस मिनिटं तीनदा सांगितली.

मग भिंतीपलीकडून काटेवाल्याचा आवाज आला. "वकील, वरून कोणी नाही. जा तू."

दादा धावला. मुकादमाच्या अंगावरून आत शिरला आणि मायक ओढून घेतला.

"सात नंबर. वरच थांब. हलू नकोस. सात नंबर."

उत्तर नाही.

"काय झालं?" मुकादम उठला.

"त्याचा सेट गेलेला आहे. मी... सात नंबर, ऐकतोयस का?"

खरखर...

"वकील, तू थांब. आहेस तिथे थांब."

वकिलाचा आवाज खणखणीत आला. दादानेच दुरुस्त केलेला सेट. "दादा, इथे कुठे थांबू? तिसरं ओलांडलं मी. इथे बाजूला जागा नाही. चौथ्याला जागा आहे, तिथपर्यंत जातो."

"थांब म्हणतोय ना."

"अहो, पण रस्त्याच्या मधोमध उभं राहून काय करू? वरून कोणी आलं तर..."

वाक्य तिथेच तुटलं.

आवाज सेटमधून आला नाही. थोड्या वेळाने डोंगरावरून आला. आधी एक दणका. मग दगड घसरत गेल्याचा, खूप वेळ चाललेला आवाज.

काट्यावर कोणी बोललं नाही. सेटवर मात्र, अगदी हळू, कानात बोलल्यासारखं...

"ऐकलं."

ते मुकादमाने ऐकलं की नाही, दादाला माहीत नाही. त्याने कधी विचारलं नाही.

वकील जागीच गेला. जावयाचा उजवा पाय गुडघ्यावरून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यापासून जावई एकच सांगत होता. "मी न ऐकता निघालो नाही. मला ‘ऐकलं’ म्हणाले." काटेवाला शपथेवर सांगत होता, मी बोललोच नाही. लोक म्हणू लागले, स्वतःची मान सोडवायला खोटं बोलतोय. वकिलाचा भाऊ दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, त्याला धरून परत न्यावं लागलं. चौकशी लागली. जावयावर गुन्हा दाखल होणार, अशी बोलणी सुरू झाली.

दादाची लेक नवऱ्याच्या उशाशी बसून होती. चार दिवसांत तिचं तोंड आईसारखं झालं होतं.

"बाबा," तिने विचारलं, "सेट चांगला होता ना? सुई फुल होती म्हणतात ते."

दादाने जावयाचं पांघरूण सारखं केलं.

"हे सारखं म्हणतात, आई बोलल्या. गाडी भरताना पण सेटवर आईच होत्या. तुमचं ‘थांब’ ऐकूच आलं नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, मार लागलाय डोक्याला." तिने पदराने नवऱ्याचा घाम पुसला. "ते खोटं नाही बोलत ना हो?"

त्याच संध्याकाळी मुकादमाने फुटका सेट दादाच्या टेबलावर आणून ठेवला. एक कोपरा चेपला होता, एवढंच.

"हे तपासायला दुसरं कोण आहे इथे? बघा आणि लिहून द्या. सेट चालू होता की नव्हता. तुम्ही लिहाल ते मी पुढे देतो."

खोलीत दादा आणि तो सेट. ‘चालू होता’ असं लिहिलं, तर दादा सुटत होता आणि जावई अडकत होता. ‘नव्हता’ लिहिलं, तर उलट.

त्याने खोटी एरियल लावली. करंट दिला. बटण दाबलं. सुई फुल. बाजूला वॉटमीटर, अर्धा.

तो काही बोलला नाही. त्याला बोलायचंच नव्हतं. नुसतं बटण दाबलं होतं, दोन सेकंद, आणि सोडलं.

खरखर...

"ऐकलं."

त्याने स्विच बंद केला. वायर काढली. मग कागद घेऊन लिहिलं. शाळेत लिहायचा तशा मोठ्या अक्षरात. सेट कमजोर होता. मला माहीत होतं. सुई मी फिरवली होती. जावयाचा दोष नाही.

का केलं, ते लिहिलं नाही.

कागद मुकादमाकडे देण्याआधी त्याने तो लेकीला नेऊन दाखवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात. लेकीने वाचला. पुन्हा वाचला. दादा सांगतो, मी थोबाडीत खायला उभा होतो.

ती म्हणाली, "का?"

मग त्याने सांगितलं. सगळं. त्या मंगळवारपासून.

लेक ऐकत राहिली. तिच्या मांडीवर कागद, त्यावर तिचा हात. आत जावई कण्हत होता, तरी ती उठली नाही.

"किती दिवस यायचा आवाज?"

"दीड महिना."

"रोज?"

"रोज दुपारी."

"दीड महिना," ती म्हणाली. "आणि मला एकदा पण बोलावलं नाहीत."

पायाचं नाही, वकिलाचं नाही. तेवढंच बोलली आणि आत गेली.

पुढे जे व्हायचं ते झालं. दादाला शिक्षा झाली, त्याने ती भोगली. तो वकिलाच्या घरी गेला होता, त्याच्या बायकोने दार उघडलं आणि न बोलता लावून घेतलं. तो पाऊण तास पायरीवर बसून परत आला. खोली सोडण्याआधी त्याने सगळे थकलेले फायनल हातोडीने ठेचले. तो फुटका सेटसुद्धा चौकशी संपल्यावर मागून घेतला आणि माझ्यासमोर फोडला. आता तो माझ्याकडे राहतो. रेडिओच्या वाटेला जात नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

गेल्या महिन्यात मी दादाच्या लेकीकडे गेलो होतो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत जावई खाटेवर बसलेला, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याने मला बसायला सांगितलं. दादाची लेक कुठे आहे विचारलं, तर त्याने आतल्या बंद दाराकडे हनुवटीने दाखवलं.

"दुपारची असते आत," तो म्हणाला. "दोनला येईल बाहेर."

मी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता.

दाराच्या फटीतून एक वायर आत गेली होती. सेट तिने कुठून आणला, कोणी तसा करून दिला, मी विचारलं नाही. दादाने दिला नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

आतून बटण दाबल्याचा आवाज आला. टक्.

"भरलेली," लेक म्हणाली. "चौथं वळण."

टक्.

खरखर...

त्यानंतर जो दुसरा आवाज कानावर आला, त्याबद्दल मी घरी जाऊन दादाला सांगितलेलं नाही.

जावई माझ्याकडे बघत होता. त्याने खालच्या आवाजात विचारलं, अगदी साधं, जेवण झालं का विचारावं तसं.

"काका, तुम्हाला आत किती आवाज येतात?"

मी म्हणालो, "एक."